चष्मेवाल्याची पंचगिरी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला बसला का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. मी तोंड लपवून आहे, पण चष्म्याच्या दुकानात चारी बाजूंनी आरसे असल्यामुळे तेही धड जमत नाही.

झालं असं, की तुझी लाडकी भाची, आपली भिंगरी, टेबल टेनिसच्या उपांत्य फेरीत पोचली. नेमलेले पंच आलेच नाहीत. तिच्या सरांनी कोणी बसेल का म्हणून विचारलं आणि माझा हात वर गेला. (विचारायच्या आधीच गेला होता, असं तुझी भावजय म्हणते.) मुलीचा बापच पंच कसा, अशी कुजबुज झाली, तेव्हा मी उभं राहून खिलाडूवृत्तीवर छोटंसं भाषण ठोकलं. तुला माझी खोड ठाऊक आहे. दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असतं आणि मी त्याला हार कशी पचवावी हे सांगत असतो. नाकावर ती तपासायची जड चौकट असते, त्यामुळे बिचाऱ्याला उठून जाताही येत नाही.

सामना अगदी बरोबरीत आला होता. समोरच्या मुलीचा चेंडू टेबलाच्या आपल्या बाजूच्या कडेला घासून खाली गेला, म्हणजे गुण तिचा. मी म्हणालो, बाहेर, गुण भिंगरीचा. ती म्हणाली, "बाबा, लागला." त्यावर खेळाडूने पंचांशी हुज्जत घालू नये, असं मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा चेंडू शांतपणे जाळीत मारला, गुण परत करायला. आणि मी, पंच, खुर्चीवरून उठून ओरडलो, "अगं, मुद्दाम काय मारतेस!"

सगळे हसले. सरांनी माझ्या हातातला गुणफलक हळूच काढून घेतला, लहान पोराच्या हातातली कात्री काढून घेतात तसा. भिंगरी हरली. तिने त्या मुलीशी हात मिळवला, तेव्हा मी चपला शोधत होतो. नंतर भेटेल त्याला सांगितलं, की खिडकीतला उजेड डोळ्यावर आला. तुझी भावजय म्हणाली, "चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईकं रांगच लावतील."

ताई, फार लाज वाटते गं. इतकी वर्षं वाटायचं, पोरगी माझी भाषणं या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडते. ती ऐकत होती. मीच ऐकत नव्हतो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : रविवारी तिची दुसरी स्पर्धा तुमच्याच गावात आहे, ती तुझ्याकडेच उतरेल. मला मात्र येऊ नको म्हणाली आहे. तू शब्द टाकून बघ. मी मागच्या रांगेत बसेन, टाळीसुद्धा भावजींना विचारून वाजवीन.

आणखी एक : पत्र तिने वाचलं. म्हणाली, "ते उजेडाचं खोटं आहे, आत्याला खरं लिही." आता खाडाखोड करत नाही, इथेच लिहितो. डोळ्यावर उजेड नव्हता. चेंडू लागलेला मला स्वच्छ दिसला होता. ती जिंकायला हवी होती, म्हणून बाहेर म्हणालो.

हेही तिने वाचलं. मग आपल्या पिशवीत माझा एक शर्ट घडी करून ठेवला आहे. तेव्हा अंथरुणं दोन घाल.