थंड प्लेटचा आकडा

मंगळवार, संध्याकाळ. नोएडा.

सकाळचा तो आकडा डोक्यातून जात नाहीये. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असते तशी पेशींची भिंत आम्ही स्टेम सेल्सपासून प्लेटमध्ये वाढवतोय. तिच्यातून वीज सोडून रेझिस्टन्स मोजायचा; आकडा जितका मोठा, तितकी ती घट्ट. आज तो इतका चढला की आमच्या लॅबचे प्रमुख भाटिया सर म्हणाले, "बिल्कुल परफेक्ट. कल कंपनीवालों को यही दिखाएँगे." त्या कंपनीचं औषध याच भिंतीवर तपासायचं आहे.

मीही खूश होते. मूर्ख.

दुपारी डबा खाताना आठवलं. सकाळी मोजण्यासाठी उबदार इनक्युबेटरमधून प्लेट काढली आणि आईचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऐकून होईपर्यंत प्लेट एसीखाली पडून होती. थंड प्लेट मोजली की आकडा फुगतो, हे नव्या मुलींना मीच शिकवते. आणि लॅबच्या नोंदवहीतला तापमानाचा रकाना मीच रिकामा सोडलाय. घाईत? की बघायचंच नव्हतं?

चार वाजता प्लेट नीट गरम करून परत मोजली. आकडा धाडकन खाली.

सरांना सांगितलं. लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "तो कल भी थोड़ा ठंडा करके नाप लेना."

पण भिंतच गळकी असेल तर कुठलंही औषध मेंदूत पोचतंय असंच दिसणार ना?

जागेवर आले. त्या रिकाम्या रकान्यात पेनने लिहिलं, "प्लेट थंड होती." खाली दुसरा आकडा, वेळ, माझी सही.

आमच्या वहीत खोडाखोड चालत नाही. आणि कंपनीवाले आल्याआल्या आधी वहीच मागतात.