सशाचं औषध

प्रिय ठमे,

पत्र बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगतो, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझी आई मला दिवसातून चारदा बोलते, म्हणजे ती तर मजेतच आहे. रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिला ससा हवाय, तू नाही म्हणतेस, तेव्हा आजोबांनी मध्ये पडावं असं तिचं म्हणणं. मी काही कबूल केलं नाही. पण आठवडाभर डोक्यात तेच घोळतंय, आणि फोनवर तुझ्याशी महत्त्वाचं बोलायला गेलो की मी हवापाण्यावर घसरतो हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर लागलं नाही तर माझ्या कंपाउंडरला विचार, तो बिचारा वीस वर्षं हेच वाचतोय.

सशांबद्दल लिहितो. आपल्या घरात हा विषय निघत नाही, ठाऊक आहे मला. तरी शेवटपर्यंत वाच.

कुत्रेवाले दवाखान्यात येतात ते साऱ्या गल्लीला कळतं. मांजरवाले स्वतःचे ओरखडे आधी दाखवतात, मांजर नंतर. ससेवाले कधी येऊन बसले ते मान वर केल्यावरच समजतं. कोपऱ्यातल्या बाकावर, कुत्र्यांकडे पाठ करून, मांडीवर टॉवेलने झाकलेली टोपली. ससा दुखणं लपवतो गं, अगदी गळ्याशी येईपर्यंत लपवतो. त्यामुळे या माणसांना नुसतं बघत बसायची सवय लागते. एक निवृत्त शिक्षिका आहेत. मला म्हणाल्या, मंगळवारपासून हा झोपताना डावा कान जरा जास्त पाडतो. मी मनात म्हटलं, झालं, बाईंना आता वेळ जात नाही. तोंड उघडून पाहिलं तर मागची दाढ वाढून गालात रुतलेली. दुसरं एक जोडपं आहे, खरं तर होतं, त्यांचा काडीमोड होऊन तीन वर्षं झाली. एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, पण सशाची नखं कापायला दोघं हजर. तो पुढून धरतो, ती मागून. मी मधे कात्री घेऊन उभा, श्वाससुद्धा जपून घेतो.

पण मला सांगायचं आहे ते क्रेनवाल्यांबद्दल. बंदरावर क्रेन चालवतात, दारातून आत यायचं तर खांदे तिरके करावे लागतात, आणि आवाज असा की दोनदा विचारल्याशिवाय ऐकू येत नाही. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले. सशाच्या जबड्याखाली गळू झालेलं. मी ते साफ केलं आणि पू झालेल्या कुठल्याही जनावराला देत आलो होतो तेच पातळ औषध लिहून दिलं. तोंडावाटे, दिवसातून दोनदा. गृहस्थ चिठ्ठी घेऊन गेले आणि बाहेर चष्मा लावून वाचत उभे राहिले. मग परत येऊन बसले. माझे सगळे पेशंट संपेपर्यंत बसले, चारचौघांत विचारायला नको म्हणून. हे मला नंतर कळलं. आत येऊन त्यांनी हळूच विचारलं, डॉक्टरसाहेब, हे सशाला तोंडावाटे चालेल ना? त्यांनी वाचनालयात बसून वाचलं होतं की या औषधाने सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, जुलाब लागतात आणि चार-पाच दिवसांत खेळ आटोपतो.

माझं पित्त खवळलं. मी पंचवीस-सव्वीस वर्षं जनावरं तपासतोय आणि हा क्रेन चालवणारा माणूस मला शिकवणार. पण त्यांच्या विचारण्यात इतका आदर होता की भांडायला जागाच नव्हती. बघून सांगतो म्हणालो आणि आतल्या खोलीत गेलो. तिथे ते जाडजूड पुस्तक होतं, हौसेने घेतलेलं आणि कधी न उघडलेलं. सशाच्या पानावर चौकट करून तेच छापलं होतं. मी स्टुलावर बसलो तो बसूनच राहिलो. कंपाउंडरने दोनदा दार वाजवलं. शेवटी बाहेर येऊन चिठ्ठी फाडली आणि इंजेक्शन लिहून दिलं. त्यांनी माझे आभार मानले, ठमे. वर पुढचा दीड महिना रोज सकाळी कामावर जायच्या आधी ड्रेसिंगला आले, पण त्या दिवसाचा उल्लेख एकदाही केला नाही.

पुढे एकदा त्याच सशाने खाणं सोडलं. मी आशा सोडली होती. यांनी तीन दिवस रजा टाकली आणि माझ्या मागच्या खोलीत बसून दर दोन तासांनी सिरिंजने गवताची पेज भरवली. मधल्या वेळात पोटावरून हात फिरवत राहायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी सशाने चार लेंड्या टाकल्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या. लोखंडाचे गर्डर उचलणारा तो माणूस त्या तळहातावर घेऊन मला दाखवायला आला आणि ढसाढसा रडला. मीही रडलो. कंपाउंडरला सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी सशांचा खरा अभ्यास केला. आता लोक लांबलांबून येतात, मला सशांचे डॉक्टर म्हणतात, आणि मी ते गुमान ऐकून घेतो. खरी दाद कोणाला द्यायची ते मला माहीत आहे.

आता त्या दिवशी स्टुलावरून मला का उठवेना ते सांगतो. तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या सशाच्या पायाला जखम झाली तेव्हा हेच औषध मी तुझ्या हातात दिलं होतं. तू घड्याळ लावून ड्रॉपरने पाजायचीस, एकही वेळ चुकवली नाहीस. पाचव्या दिवशी तो गेला. तो का गेला म्हणून तू मला विचारलंस, आणि मला काहीच कळलेलं नसताना मी तोंडाला येईल ते बोललो, की तू आणलेलं गवत खराब असेल. तेव्हा मी अडाणी होतो, ते एक वेळ सोडून देता येईल. पण गेली अकरा वर्षं मला सगळं माहीत होतं आणि मी मूग गिळून बसलो. तुझ्यासमोर लाज वाटली म्हणून, दुसरं काही कारण नाही. रविवारी छोटीने मला सांगितलं, आई नको म्हणते कारण आईच्या हातून एक ससा मेला होता. गवत चांगलं होतं, बाळा. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. मला माफ कर असं म्हणायचाही धीर होत नाही, पण म्हणतो. ससा आणायचा की नाही ते तुझं तू ठरव. छोटीला मात्र खरं सांग, तो आजोबांच्या औषधाने गेला. तुला जड जात असेल तर फोन तिच्या हातात दे, मी सांगेन.

तुझाच,
बाबा