पवित्राचं शाळेतलं नाव

८ जुलै, मंगळवार

आन वरून हेडमास्तर मलाच म्हणतो, मावशी तुमी कावून मधी पडता. मधी न पडून काय करू. शाळा कवाच भरली, ढाब्यावरच्या नेपाळ्याची पोरगी अजून माझ्या शेरडांच्या गोठ्यात. आज करडाला फ्रॉकचा बंद चारला. बाप भट्टीपुढं, आई भांडे घासती, पोरगी माझ्या गळ्यात. उन्हाळ्यात आले तिघं, तवापासून हेच. पवित्रा नाव. नऊ वर्षाची. तिकडं त्यांच्या देशात दुसरी झाली म्हणती. हेडमास्तर म्हणतो आधार आणा. नेपाळात कुठलं आधार. मग म्हणतो, बघू. बघू म्हणजे न्हाई. चौथीपस्तोरच शिकले मी, पण एवढं कळतंय.

९ जुलै, बुधवार

पाऊस न्हाई. शेरडं डोंगराकडं नेली. पवित्रा मागं लागली, चढावर माझ्या पुढं. त्यांचं गाव लई उंचावर हाय म्हणती, आपल्या डोंगराला हसती. तोंडानं कसलातर आवाज काढती, शेरडं तिचं ऐकत्यात. माझं ऐकत न्हाईत. मराठी पटापट उचलायलीय. शिव्या आधी, ढाब्यावर दुसरं काय कानावर पडणार.

येताना तिच्या आईला गाठलं. माया नाव तिचं. बोलती कमी. म्हणली, भेजना तो है दीदी, पर कौन लेगा. म्हटलं मी घालते. बोलून बसले.

११ जुलै, शुक्रवार

हेडमास्तर आपल्या पायानं गोठ्याकडं आला. बूट लेंड्यांत. पटाला एक पोर कमी पडायलंय. दोन पोरं इंग्लिश शाळंच्या पिवळ्या गाडीत गेली. पट भरला न्हाई तर बाई दुसऱ्या गावाला जाणार. शाळंत हेडमास्तर आन बाई, दोघंच. बाई गेली तर सगळे वर्ग ह्याच्या गळ्यात.

मंगळवारी पोरगी नको होती. शुक्रवारी पाहिजे.

म्हणाला सोमवारी आणा, आपल्यातलं कुणाचंतरी आधार घेऊन या, बसवू कुठंतरी.

१४ जुलै, सोमवार

झालं. नाव घातलं.

शेरडं घेऊनच गेलते, फाटकाबाहेर थांबवली. ती थांबत्यात व्हय. सरळ शेवंताच्या कपाशीत. शेवंता म्हणजे शेजारीण, तिचं रान शाळंला लागून. ती तिकडून बोंबलायली, आत हेडमास्तर आधार मागायला. माझं आधार बँकेत दिलंय. पिशवीत माऊलीची झेरॉक्स होती. माऊली माझा पोरगा, कागदावर ज्ञानेश्वर गडदे, चाकणला कंपनीत. त्याला पोरगी बघायलोत, मिळंना. पाहुण्याला दाखवायला म्हणून त्याचा बायोडाटा, फोटो, आधार सगळं पिशवीतच असतंय. दिली काढून.

हेडमास्तरनं चष्म्यावरून बघितलं. ह्याच्यावरूनच लिहू? म्हटलं लिहा लवकर, तिकडं कपाशी चाललीय.

पोरगी जाऊन पहिल्या रांगेत बसली, कुणी सांगितलं नसताना. मायानं ढाब्यावर सगळ्यांला गूळ वाटला. मलाबी दिला.

शेवंता सांजच्यापस्तोर बोलत होती. चार झाडं गेली, तिच्या तोंडात अख्खं रान गेलं.

१५ जुलै, मंगळवार

गोठ्यात शांत. बरं वाटलं. दुपारनंतर काय बरं वाटलं न्हाई. करडं दाराकडं तोंड करून.

१७ जुलै, गुरुवार

शाळा सुटल्यावर पोरगी आली. दप्तर खाली ठेवलं, ताठ उभी राहिली, हजेरी कशी देती ते दाखवलं. पवित्रा ज्ञानेश्वर गडदे, हजर.

शेवंता तिथंच होती, ताक न्यायला आलती. आधी कळलं न्हाई तिला, मग डोळे बारीक केले. म्हणली, "कांते, पोराला बायको मिळंना म्हणून घरातच वाढवायलीस व्हय सून?"

म्हटलं ताक घे आन नीघ.

ती गेली. मी बसले तशीच. आपल्यात बाईच्या नावामागं आधी बाप लागतो, लगीन झालं की नवरा. माऊली बिनलग्नाचा. मग बाप कसा व्हईल तो. वाचणारा काय वाचणार. हेडमास्तरला दिसलं असणार. चष्म्यावरून बघितलं ते त्याच्यासाठीच. मला न्हाई दिसलं. मला कपाशी दिसत होती.

पोरगी आणखी दोनदा म्हणली ते नाव. म्हटलं गप बस. कावून ते तिला कळलं न्हाई.

१८ जुलै, शुक्रवार

पोरगी शाळंत न्हाई, गोठ्यात न्हाई.

ढाब्यावर गेलते. ट्रकवाले जेवायला बसलेले. शेवंताची गोष्ट माझ्याआधी तिथं पोचलेली. एकजण पवित्राच्या बापाला म्हणाला, क्या बे बहादूर, जावई कर लिया क्या. सगळे हसले. बापबी थोडा हसला, गिऱ्हाइकापुढं काय करील. माया मोरीवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं, हातातलं पातेलं खाली ठेवलं, आत गेली, कडी लावली.

२० जुलै, रविवार

माया भेटली. हापशावर उभी राहिले, पाण्याला येणारच होती.

"मेरी बेटी का नाम किसने बदला?"

"मी. शाळंसाठी."

"किससे पूछ के?"

म्हटलं अगं कागदावरचं हाय, कागदानं काय व्हतंय. तिनं हंडा भरून घेतला. मग सांगितलं. उन्हाळ्यात एक वऱ्हाड ढाब्यावर जेवायला थांबलं. नवरी टेम्पोतच झोपलेली, हळदीच्या अंगानं. माया पाणी द्यायला गेली. पवित्राहून जरा मोठी असंल नसंल म्हणली. उठून पाणी पिली आन पुन्हा झोपली. मायानं तिचं नाव विचारलं तर शेजारची म्हातारी म्हणली, आज बदललं, तिला अजून पाठ न्हाई.

हे सगळं सांगून माया म्हणली, "नाम वापस करो. तब भेजूँगी."

हंडा डोक्यावर घेऊन गेली. मी घागर न भरताच आले.

तसलं काय मनातबी न्हाई माझ्या. पण तिनं माझं मन बघायचं का टेम्पो.

२१ जुलै, सोमवार

शेरडं, पाणी, भाकरी. काम होत होतं, डोकं त्यातच.

माहेरी, चकलांब्याच्या शाळंत माझं नाव सुमन. लग्नाच्या मांडवात मामंजी म्हणले, आमच्यात सुमन हाय आधीच, थोरली सून, घोटाळा व्हईल. हिला कांता म्हणा. झालं. मला कुणी विचारलं न्हाई, माझ्या आईला बी न्हाई. आई परत जाताना सुमे म्हणायली आन मधीच थांबली. मला त्याचं काय वाटलं असं न्हाई. नवीन बांगड्या होत्या, त्याच्यातच ध्यान.

आता कुणी सुमन म्हणून हाक मारली तर मी वळणार न्हाई. शाळंत तेवढं हाय अजून. तिथं जाऊन कुणी बदललं न्हाई.

पुरे. दिवा लावायचाय.

२३ जुलै, बुधवार

माऊलीचा फोन. आये, नांदूरघाटच्या पाहुण्यांनी मध्यस्थाला विचारलं, तुमच्या पोराचं लगीन झालंय व्हय, शाळंत नाव दिसतंय म्हणं. बायोडाटा माझा, लगीन माझं, आन मला ठाऊक न्हाई. आधी चिडला होता, मग हसायला लागला. म्हणला, माझं जाऊ दे, त्या लेकराचं आधी सरळ कर.

पोरगं बापावर गेलंय. बाप बरा होता.

२४ जुलै, गुरुवार

शाळंत गेलते. शेरडं घरी बांधून, ह्या बारीला.

म्हटलं, तिच्या बापाचं नाव घाला, त्यांचं आडनाव रोकाया, ते घाला. हेडमास्तर म्हणतो आता कॉम्प्युटरात गेलं. पट भरला. आता रोकाया केलं तर त्या बापाचं आधार मागंल, आधार न्हाई म्हणजे ती पटात धरायची न्हाई, पोर पुन्हा कमी. पुढच्या वर्षी बघू. बसू द्या की तशीच, नावात काय एवढं. म्हटलं तुमच्या नावामागं लावू का माझ्या माऊलीचं नाव. लाल झाला.

फाटकाजवळ बाई मागून आली. खालच्या आवाजात म्हणली, मावशी, आधार न्हाई म्हणून लेकराला शाळा नाकारता येत न्हाई. खऱ्या नावानं घेता येतंय. फक्त मोजणीत धरत न्हाईत, एवढंच.

"मग तुमी जाल की दुसऱ्या गावाला."

"ते माझं मी बघीन."

गोरीमोरी झालती. तिचं घर इथनं जवळ, धारूरला, सासू आजारी, मला ठाऊक हाय.

२५ जुलै, शुक्रवार

पवित्राचा बाप गोठ्याशी आला. हात जोडले. हात जोडलेलं मला आवडत न्हाई. त्यांच्या गावचा एक माणूस मंगळवारी नेपाळला निघालाय, त्याच्या संगं पोरीला तिच्या आजीकडं लावून देणार. हिंदीत म्हणला, माया ऐकत न्हाई. इथं ठेवायची तर शाळंत, शाळंत तर आपल्या नावानं, न्हाईतर घरी. त्यालाबी पोरीला धाडायचं न्हाई. तोंडावर दिसत होतं. तिकडून पुन्हा कधी येईल विचारलं तर पुन्हा हात जोडले.

पवित्रा त्याच्या मागं. तिनं एवढंच विचारलं, ते बंद खाल्लेलं करडू मोठं झाल्यावर तिला वळखील का. म्हटलं शेरडं वळखत्यात. खरं का खोटं काय म्हाईत.

मायाकडं गेले. सोमवारपस्तोर थांब म्हटलं. ती म्हणली, मंगळवारची गाडी. थांबते म्हणली न्हाई, धाडते बी म्हणली न्हाई. पण आज कडी लावली न्हाई.

२६ जुलै, शनिवार

सकाळी शाळा भरायच्या आत गेलते. हेडमास्तर कुलूप काढायला, मी पायरीवर. बोललेलं लिहून ठेवते, नंतर म्हणायला नको मावशी असं बोललीच न्हाई.

म्हटलं, त्या दिवशी मला घाई होती, चुकलं. तुमाला घाई नव्हती. तुमाला एक पोर पाहिजे होतं, तुमी माझी घाई वापरली. आता ऐका. आमच्या भावकीतली तीन पोरं तुमच्या पटात हायत. त्या पोरीचं नाव न्हाई बदललं तर तिघांला मी पिवळ्या गाडीत बसवते. मग पटाचं काय व्हतंय ते तुमीच मोजा.

तो म्हणला, मावशी, अशानं शाळाच बंद पडंल.

म्हटलं, मला ते नकोच हाय. म्हणून तर पायरीवर बसलेय.

बाई आली तेवढ्यात. सगळं ऐकलं तिनं. हजेरीचं बुक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं, हेडमास्तरच्या पुढं, आन फळा पुसायला लागली. तो बुकाकडं बघत बसला. हात लावला न्हाई.

भावकीला अजून विचारलेलं न्हाई. थोरल्या जावेला विचारावं लागंल, ती सुमन. व्हय म्हणंल का न्हाई सांगता येत न्हाई, शेवंताशी तिचं गूळपीठ. उद्या जाते.

हेडमास्तरला शेवटचं बोलले ते हे. सोमवारी सकाळी हजेरी घेताना मी दारात उभी असणार, पोरगी माझ्याजवळ. पवित्रा रोकाया अशी हाक मारायची. मारायची नसंल तर न्हाई म्हणून तोंडानं सांगायचं, तिच्यापुढं. बघू म्हणायचं न्हाई. सोमवारी काय ते सांगा.