नुसतं जायचं तिकीट

पुणतांबा. मंगळवार, फेब्रुवारी १९७१

लंडनचं विमानाचं तिकीट आलं. फक्त जायचं. यायचं सुमन तिकडूनच काढणार. तिकडं काढलं की स्वस्त पडतं, तिनं नीट चौकशी केलीय. लेकीच्या बाळंतपणाला आईनं जायचं, हेच मुळात आळीला उलटं वाटतंय. त्यात हे.

थोरल्या जाऊबाईंनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "यायचं कुठं हाय ह्यात?" मी समजावलं. पटलं नाहीच. तिकीट देवापुढं ठेवून वर सुपारी ठेवली. "नुसतं जायचं तिकीट घरात आसंच ठिवू न्हाई. लई वंगाळ."

ह्यांनीही सुपारी तशीच राहू दिली. म्हणजे ह्यांनाही भीती वाटतेय की काय? मला नाही वाटत. सुमनचा हिशेब कधी चुकत नाही. तरी सांजवात लावताना नजर त्या सुपारीवर गेलीच, आणि माझाच मला राग आला.

सरळ विचारलं, "जाऊबाई, लग्न होऊन तुम्ही या घरात आलात, मी आले. तेव्हा परतीचं तिकीट कुणी विचारलं होतं?"

त्यांनी वात सारखी केली. मग तिकिटावरची सुपारी उचलली, कातरली, आणि निम्मी माझ्या हातावर ठेवली.