ठेकेदार नावाच्या कुत्र्याला घरातच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, भिवटोला,
जिल्हा चंद्रपूर.

अर्जदार : फारूक वल्द इस्माईल शेख, धंदा गादी-रजई भरणे, राहणार मौजा कोसंबटोला, तालुका नागभीड.

विषय : बिबट गेला असला तरी 'कुत्री-मांजरी घरात ठेवा' ही सूचना मागे न घेणेबाबत.

संदर्भ : १) आपली सूचना, जी दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली व अद्याप तिथेच आहे.
२) अर्जदाराचाच मागील महिन्यातील अर्ज, ज्यात नेमकी याच्या उलट मागणी केली होती. तो अजून वाचला नसल्यास आता वाचू नये.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार पूर्ण शुद्धीवर आहे. हे आधी लिहावे लागते, कारण संदर्भ क्रमांक दोन आणि हा अर्ज शेजारी ठेवून वाचल्यास कोणालाही तशी शंका येईल. दोन्ही अर्ज खाली सही करणार वामनराव यानेच लिहून दिलेले आहेत. दुसऱ्या वेळी कागद पुढे ओढताना त्यानेही विचारले होते की, बाबा रे, तुझं नक्की काय ते एकदा ठरव. ते ठरले आहे. हकीकत येणेप्रमाणे.

१. अर्जदाराकडे एक पिवळसर रंगाचा, अर्ध्या कानाचा कुत्रा आहे. त्याला ठेकेदार म्हणतात. तो स्वतः काही करत नाही, पण दुसरा कोणी कामाला लागला की समोर बसून बारकाईने बघतो, म्हणून गावानेच हे नाव ठेवले. कोणत्याही ठेकेदाराचा अपमान करण्याचा हेतू नाही. अर्जदार सायकलला गाद्या बांधून नागभीडच्या बाजाराला निघाला की ठेकेदार मागे पळत येतो आणि गिऱ्हाईक भावात फारच घासाघीस करू लागले की एकदाच भुंकतो. तेवढ्याने सौदा होतो. अर्जदाराचा त्याच्यावर जीव आहे. अर्जात असे लिहायचे नसते, पण तो विषय पुढे येणारच आहे.

२. दिवाळीच्या सुमारास झिंगू नावाच्या गृहस्थाच्या गोठ्यापुढून त्याचा कुत्रा बिबट्याने उचलला. त्यावर आपली सूचना निघाली की, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत पाळीव कुत्री व मांजरी घरात ठेवावीत. सूचना योग्यच होती. वनरक्षक मुखरू नन्नावरे हे ती घरोघर जाऊन वाचून दाखवत फिरले. अर्जदाराच्या दारी आले तेव्हा ठेकेदार सपरीत, म्हणजे घरापुढच्या उघड्या पडवीत, पोत्यावर निजला होता. अर्जदार म्हणाला, हा घरातच आहे. मुखरू म्हणाले, "सपरीले दार नाई भाऊ, म्हणून सपरी घर नाई." अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणून दिले की, ग्रामपंचायत घरटॅक्स लावताना सपरी घरातच मोजते. मुखरूंनी त्यावर विचार केला आणि सांगितले की, बिबट ग्रामपंचायतीचा नाही.

३. आता ठेकेदाराला उंबऱ्याच्या आत घेणे का शक्य नव्हते, ते सांगणे भाग आहे. अर्जदाराचे घर म्हणजे एकच खोली. अर्ध्या खोलीत कापूस आणि उरलेल्या अर्ध्यात अर्जदाराची पत्नी खैरुन नमाज पढते. जिथे नमाज होते तिथे आमच्या घरी कुत्रा येत नाही. मांजरीची गोष्ट वेगळी, ती जानमाजवर, म्हणजे नमाजाच्या चटईवर, येऊन बसली तरी तिला कोणी हटकत नाही. खैरुन ही कुत्र्याची वैरीण आहे असे मात्र कृपया समजू नये. ती नवऱ्याच्या आधी ठेकेदाराला वाढते, याला गाव साक्षी आहे. आणि ठेकेदारालाही सगळे कळते. भर पावसात सपरीत पाणी शिरले तरी त्याने उंबऱ्यावर कधी पाय ठेवलेला नाही. तरी सूचना लागली त्या दिवशी अर्जदाराने त्याला संध्याकाळी ओढून आत घेतले आणि दार लावले. ठेकेदार दाराच्या फटीला नाक लावून असा काही कण्हत बसला की जणू त्याच्याच हातून पाप घडले. सकाळी थंडीत खैरुनने सगळी खोली धुवून काढली. अर्जदाराने तो प्रयोग पुन्हा केला नाही.

४. अर्जदाराच्या कुंपणापलीकडे गिरजाबाई मेश्राम राहतात. त्यांचे यजमान श्रावणभाऊ गेल्या उन्हाळ्यात वारले. मुलगा प्रफुल चंद्रपूरला वीज केंद्रात आहे. तो सारखा ये म्हणतो, पण बाई जात नाहीत. म्हणतात, "तिथी कोळशाची धूळ, अन् कोणाले हाक मारू?" त्यांच्या घरी दोन खोल्या, चांगले दार, आणि राहणार त्या एकट्या. ठेकेदाराला संध्याकाळपुरते ठेवता का, असे अर्जदाराने विचारले. बाई म्हणाल्या, माझी मैना आहे ना. मैना ही त्यांची मांजर, धानाच्या ढोलीची, म्हणजे कणगीची, राखण करणारी. ती आणि ठेकेदार एका छताखाली राहिले तर बिबट्याची गरजच उरली नसती. शेवटी कुंपणावरूनच अदलाबदल ठरली. मैना अर्जदाराकडे, ठेकेदार बाईंकडे. बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सरकारी हुकूम हाय म्हणून ठेवतो फारूकभाऊ. नाई तं मले काय करायचं कुत्रं?" हे वाक्य साहेबांनी लक्षात ठेवावे.

५. येथून अर्जदाराचे ग्रह फिरले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी मैना गाभण निघाली. कापसाचे घर बघून तिला माहेर सापडल्यासारखे झाले. तिने कापसाच्या ढिगात न विता, भरून शिवून ठेवलेली एक हिरव्या फुलांची रजई शोधली आणि तिची शिवण उकरून आत चार पिल्ले घातली. सदर रजई साहेबांच्या बंगल्यावरून मुखरूंमार्फत सांगितलेली होती. उशीर का झाला, असे मुखरू दोनदा विचारून गेले, तेव्हा अर्जदाराने दोरा आला नाही असे सांगितले. दोरा आलेला होता, हे या अर्जान्वये कबूल करण्यात येते. मांजरीला उठवण्याचा प्रयत्न केला असता खैरुनने अर्जदारालाच उठवले.

इकडे ठेकेदार उजाडले की घरी येईल असे ठरले होते. आधी आधी आला. मग दुपारी येऊ लागला. मग येईनासाच झाला. अर्जदाराने कुंपणावरून शीळ घातली की तो बाईंच्या अंगणातून अर्धा कान वर करायचा आणि परत खाली टाकायचा. बाईंची तक्रार वेगळीच. उंदीर ढोलीतले धान खातात आणि हा समोर बसून देखरेख करतो. अर्जदार बाजाराला एकटा जाऊ लागला. वाटेत सायकल थांबवून मागे बघायची सवय लागली होती, ती काही सुटेना. गिऱ्हाइके वाटेल त्या भावात रजया मागू लागली. तेव्हा वैतागून अर्जदाराने संदर्भ क्रमांक दोनचा अर्ज केला की, सूचना ताबडतोब रद्द करा आणि माझा कुत्रा मला द्या.

६. गेल्या आठवड्यात मुखरू स्वतः सांगत आले की, बिबट नदीपलीकडे गेला, पायाचे ठसे तिकडेच चालले आहेत, आता सूचना उठणार. अर्जदाराने सुई कापसात खोचली आणि संध्याकाळीच ठेकेदाराला आणायला निघाला. खैरुनने दारात अडवले. म्हणाली, "गिरजाबाईच्या घरून धूर निघून राह्यला, तो दिसते का तुमाले?" अर्जदार म्हणाला, चुलीतून धूर निघतो त्यात काय नवल. त्यावर खैरुनने जे सांगितले ते अर्जदाराला आजपर्यंत ठाऊक नव्हते, आणि शेजारी राहून ठाऊक नव्हते याची त्याला लाज वाटली. श्रावणभाऊ गेल्यापासून त्या घरात संध्याकाळची चूल पेटतच नव्हती. खैरुनने ताट नेऊन दिले तर बाई म्हणायच्या, जेवण झालं माझं. खैरुनने एकदा स्पष्टच विचारले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "एकट्या जीवासाठी काऊन चूल पेटवू?" ठेकेदार गेला त्या दिवसापासून धूर दिसू लागला. कुत्र्याला उपाशी कसे निजवणार?

तरी अर्जदार कुंपणापर्यंत गेलाच. बाई चुलीपुढे बसल्या होत्या. एका ताटलीत भात, दुसऱ्या ताटलीत भात. ठेकेदार आपल्या ताटलीला तोंड लावत नव्हता, समोर बसून बाईंकडे बघत होता, जसा तो जन्मभर सगळ्यांचे काम बघत आला आहे. बाई त्याला रागावत होत्या, "खाऊन राह्यलो ना मी, आता तं खाय!" बाईंनी चार घास खाल्ल्यावर त्यानेही तोंड खाली घातले. अर्जदार शीळ घालायला ओठ करून उभा होता. ती शीळ त्याने घातली नाही. घरी येऊन तो बराच वेळ रिकामी सुई ओढत बसला होता, दोरा ओवायचे त्याच्या लक्षातच आले नाही.

७. दुसऱ्या दिवशी अर्जदार बाईंना म्हणाला, ठेकेदार तुमच्याकडेच राहू द्या. झाले! बाईंचा पारा चढला. "तुमच्या लेकरासारखं जनावर मी ठेवून घेऊ? मले भीक नोका देऊ. हुकूम हाय तोपर्यंत हाय. हुकूम उठला का त्याच दिवशी घेऊन जा." आणि गिरजाबाई बोलल्याप्रमाणे करणाऱ्या आहेत. बुद्धविहारातून येताना त्या रोज ग्रामपंचायतीचा फळा स्वतः वाचतात. ज्या दिवशी सूचना फळ्यावरून उतरेल त्या संध्याकाळी त्या ठेकेदाराला दोरीने बांधून अर्जदाराच्या सपरीत आणून सोडतील, आणि त्यांची चूल पुन्हा विझेल. अर्जदाराला आपला कुत्रा हवा आहे. पण अशा रीतीने नको आहे.

सबब साहेबांना हात जोडून विनंती की :

सूचना फळ्यावरून काढू नये. बिबट गेला असल्यास निदान बिबट्याची शक्यता तरी शिल्लक ठेवावी. जंगल तेच आहे, एक गेला तर दुसरा येऊ शकतो, यात खोटे काही नाही. वनरक्षक मुखरू यांनी आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी गिरजाबाईंच्या दारावरून जाताना "बाई, कुत्रं आत हाय ना?" एवढे मोठ्याने विचारावे. ठेकेदाराला दिवसा बाजारापुरते सोडण्याबाबत बाईंशी अर्जदार स्वतः बोलेल, त्यात शासनाला त्रास देणार नाही.

आणि वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर या अर्जावर कोणताही निर्णय घेऊ नये. तो विचाराधीन ठेवावा. बाकीच्या अर्जांना जी वागणूक मिळते तीच याला मिळावी, एवढीच अपेक्षा आहे. अर्जदार चौकशीला येणार नाही, स्मरणपत्र देणार नाही आणि कोणाची ओळखही लावणार नाही. गावात सूचना मागे घेण्यापूर्वी प्रलंबित अर्ज निकाली काढावे लागतात, असे वामनराव सांगतो. तो नोकरीत असताना अर्ज असेच प्रलंबित ठेवत होता.

आपल्या उत्तराची मुळीच वाट न पाहणारा,
आपला नम्र,
(सही) फारूक वल्द इस्माईल शेख

लिहून देणार : वामनराव, सेवानिवृत्त लिपिक
स्थळ : कोसंबटोला
दिनांक : १३ जानेवारी २००३

सोबत : १) सूचनेची नक्कल.
२) साहेबांची रजई. मांजर उठल्यावर स्वतंत्रपणे पाठविण्यात येईल. थंडी फार असल्यास तसे कळवावे, दुसरी भरून देऊ.

ता. क. : हा अर्ज पाकिटात घालत असतानाच गिरजाबाई वामनरावाच्या ओट्यापाशी थांबल्या आणि हुकूम उठला का, असे त्यांनी विचारले. प्रकरण विचाराधीन आहे, वेळ लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. बाईंनी कपाळावर हात मारला, सरकारला दोन शब्द सुनावले आणि शेजारच्या दुकानातून पावभर सुकट घेतली. जाता जाता म्हणाल्या, "म्हणजे आज बी दोघाचा सयपाक करा लागन." हे म्हणताना त्यांच्या चालण्यात घाई होती, एवढे खाली सही करणार स्वतः पाहून लिहून देतो.

(सही) वामनराव