बांधावरची बिननावाची बाई

१२ नोव्हेंबर २००६
आलो एकदाचे राहनाळला. टेमघरला कारखान्यांच्या पाट्या रंगवण्यात पाच वर्षं घालवली, आता खरं चित्र. केसरीनाथशेठनी मला आणि माझ्या बायकोला, मेघालीला, बंगल्यामागची खोली दिली आहे, चांगली उजेडाची. भातशेती विकून शेठनी गोदामं उभी केली. आता तीच शेती दिवाणखान्यात हवी, तिन्हीसांजेची, सहा फुटी. हसू येतं. पण मी खूश आहे.

१६ नोव्हेंबर
शेठना कॅलेंडरसारखं नारिंगी आभाळ हवं. त्यांची थोरली बहीण आक्का म्हणाल्या, तसं नसायचंच; शेतातल्या पाण्यावर आधी जांभळं उतरायचं, मग राखेसारखं. बाईला नजर आहे. निळ्यात जरासा तांबडा मिसळला आणि अख्खं शेत उदास झालं. बांधावर एक पाठमोरी बाई काढली.

१८ नोव्हेंबर
ती कोण, आक्कांनी विचारलं. कोणी नाही, नुसती बाई, म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. इथे तिन्हीसांजेला शेतात राहिलेल्या माणसाला नावाने हाक मारतात, ओ येईपर्यंत. म्हणाल्या, "नाव न्हाय तं हाक कशी मारशील? मंग ती कोनाचंबी नाव घेल."
मी हसण्यावारी नेलं.

२१ नोव्हेंबर
मेघाली म्हणाली, दुसऱ्यांच्या भिंती सजवण्यात तुझा जन्म जाणार. जिव्हारी लागलं. आक्का पुन्हा नावासाठी मागे लागल्या, तेव्हा रागातच सांगितलं, मेघाली म्हणा. राबू दे तिला चिखलात.
आक्कांनी चित्राकडे पाहून तीनदा हाक मारली आणि निवांत मनाने गेल्या.

२३ नोव्हेंबर
चित्रातली बाई बांधाच्या अलीकडे आली आहे. मी हलवलेली नाही. टर्पेंटाइनने पुसली. जांभळा निघाला, ती नाही.
शेजारी बसलेल्या मेघालीला चार हाका मारल्या. तिने मानही वर केली नाही.

२४ नोव्हेंबर
आत स्वयंपाक करतेय ती मेघाली नाही. साडी तिचीच. पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल —

२५ नोव्हेंबर
चित्रात बांधावर मेघाली. पाठमोरी. अंगात तिचाच पिवळा गाऊन — पिवळा मी लावलाच नव्हता.
माझ्याच तोंडाने दिलं तिचं नाव. एवढ्याशा रागापायी.

संध्याकाळ
चित्रातलं जांभळं सरलं. राखेसारखं उतरतंय. काळोखाआधी तिला आणायला हवं. हाका मारतोय — ती वळत नाही. दर हाकेला स्वयंपाकघरातून ओ येते. गोड. मेघालीने मला इतकी गोड ओ कधी —
गाऊन दिसेनासा होतोय. दुसरं काय म्हणून बोलावू? पुन्हा एकदा — मेघा —