सुमनसाठी शब्द

१२ जानेवारी २०१७, चिंचणी
सुमन माहेरी येऊन चार महिने झाले. आज वाळत घातलेले बोंबील पालटताना म्हणाली, “बाबा, मी आता झाईला सासरी परत जायची नाही. मला मोकळी करा.” बी.पी.ची गोळी घेतली. घेतली ना? डबी बघितली. घेतली होती.
जावई मारतो. हे वहीत पहिल्यांदाच लिहितोय.

१५ जाने.
सुमनला मोकळी करायची तर जातीच्या पंचांपुढे तिला काय म्हणू? गावात ‘सोडलेली’, ‘टाकलेली’ म्हणतात. म्हणजे ती सामान. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण एवढं कळतं. निवृत्त मास्तरांना विचारलं. “स्वतंत्र म्हणा, तात्या. आपला कारभार आपल्या हाती. पूर्वी मागावरच्या उभ्या धाग्यांनाही तंत्र म्हणत.” आवडलं. आपलं कापड आपण विणणारी.
आमची ही म्हणाली, “पंचांपुढे स्वतंत्र म्हणालात तर झेंडावंदन समजून उभे राहतील.”

१९ जाने.
झाईला व्याह्यांना पंचांचा निरोप देऊन आलो. पाणीसुद्धा विचारलं नाही. नाक्यावरच्या गुजराती दुकानदाराला विचारलं, नवरा-बायको वेगळे झाले की तुमच्यात काय म्हणतात? “छुटाछेडा, काका. लगनमां छेडा बांधे ने, ए छूटा.” पदराच्या गाठी सुटल्या, एवढंच. यात कोणी कोणाला टाकत नाही. बरं वाटलं.
येताना डहाणूत दाढी केली. न्हावी म्हणाला, “आझाद बोलो, चाचा. फारसी लफ्ज है. पहले मतलब था, अच्छे घर का.”
आमची सुमन चांगल्या घरचीच आहे.

२ फेब्रु.
पंच बसले. आमची रीत अशी की नवरा-बायकोने काडीची दोन टोकं धरायची, मोडली की दोघं सुटले. काडी मुलीच्या बापाने आणायची. मी घाईत बोंबील वाळवायच्या मांडवाची बांबूची कामटी ओढून नेली. खाऱ्या पाण्याने चिवट झालेली. वाकली, मोडेना. पुन्हा वाकली. मागून कोणीतरी, “तात्या, काडी आणली की वल्हं?” हशा. व्याही उठले. “देवीलाच मान्य नाही!” सगळे निघून गेले.
चूक माझी. सुक्या काड्या अंगणात किती पडल्या होत्या.

३ फेब्रु.
मी जेवलो नाही. सुमन जेवली. “देवी काही बोलली नाही, बाबा. कामटी ओली होती. कोर्टात जाऊ.”
जाऊच. आता मागे फिरणं नाही.

२० फेब्रु.
वकीलबाईंनी अर्ज केला. वर शब्द, घटस्फोट. मास्तर म्हणतात, पूर्वी जातीबाहेर काढलेल्याच्या नावाने घडा फोडत, जिवंतपणीच मेला धरून. जिवंत मुलीच्या नावाने मडकं? सुमनला म्हटलं, दुसरा शब्द घालायला सांगू.
“शब्द तुम्ही शोधा, बाबा. सही मी करते.” केली.

१७ मार्च
पहिली तारीख. निकाल नाही, पुढची तारीख मिळाली. जावई म्हणतो, नांदवायला तयार आहे. वकीलबाई म्हणतात, वेळ लागेल. लागू दे.
एक लिहून ठेवतो. जजसाहेबांनी विचारलं, “काय म्हणणं आहे?” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सवयीने उठत होतो. गुडघे दाबून बसून राहिलो.
सुमन उठली.